गाळलेल्या जागा

तुबली. पहाटेचे पावणेपाच. ओहोटी.
हाजी मक्कीच्या होडीत आम्ही तिघं
आणि आमच्याहून जास्त जागा अडवणारं सामान :
सव्वा मीटरची पारदर्शक नळी, लोखंडी घण,
अर्धवट जबडा मिटलेला ग्रॅब,
बर्फाची पेटी, तिच्यात नमुन्यांच्या बाटल्या
आणि एका कोपऱ्यात मोतालेबचा जेवणाचा डबा.

मोतालेब बारिसालचा. त्याला चिखल ओळखतो.
मी दुसऱ्याच पावलाला गुडघाभर.
"पाय उपसू नका मॅडम, सोडवून घ्या,"
जसा काही कुणी उसना नेलाय.

नळी रोवली. घणाचे अकरा घाव.
वर रबरी बूच बसवलं की हवा अडते,
हवा अडली की गाळही अडतो, असं पुस्तकात आहे.
गाळानं पुस्तक वाचलं नव्हतं.
अर्ध्यावर आली नळी, आणि आतलं सगळं
आवाज न करता परत घरी गेलं.

दुसऱ्यांदा आला. बेचाळीस सेंटिमीटर.
वर करडा,
मग पिठासारखा पांढुरका, वाळू धुणाऱ्या यंत्रांनी सोडलेला,
मग काळा. सडक्या अंड्याचा वास.
मी तोंड फिरवलं.
हाजी वाकला, छाती भरून घेतला तो वास.
"आमच्या दारातला," म्हणाला.
मग नळीवर बोट टेकवलं, अडतिसाच्या खुणेशी :
"इथं मी पोहायला शिकलो."
मी म्हटलं, वय अजून ठरायचंय,
शिशाची मोजणी होऊन यायला तीन महिने.
तो म्हणाला, बरं, मी थांबतो.

प्रयोगशाळेत चाळण्या एकावर एक,
शेवटची त्रेसष्ट मायक्रॉनची.
वर राहते ती वाळू,
पाण्याबरोबर निघून जातो त्याला चिखल म्हणायचं.
मोतालेब दारातून बघतो, आत यायचा पास नाही त्याच्याकडे.

ओव्हनवर पाटी : फक्त नमुन्यांसाठी.
गेल्या वर्षी केळूसहून आलेली सोलं दमट निघाली,
मी रात्री ती साठ अंशांवर ठेवली.
सकाळी सगळीकडे आंबट वास,
आणि डॉक्टर फाइज़ांनी पीएच मीटर दोनदा तपासून घेतला.
मी मान खाली घालून बफर ओतत राहिले.

आपल्या भाषेत घाम गाळतात, आसवं गाळतात,
चहासुद्धा.
शाळेत मला पैकीच्या पैकी मिळायचे ते
गाळलेल्या जागा भरा, या प्रश्नाला.
कंसात तीन शब्द दिलेले असत. एक तरी बरोबर असे.

अडतीस ते चाळीसच्या कापात
एक शिंपला निघाला, दोन्ही पाळ्या मिटलेल्या.
नियम : दोन मिलिमीटरच्या वरचं काढून टाकावं, संख्या नोंदवावी.
नोंदवली. एक.
टाकला नाही. उघडलाही नाही.
निळ्या सिलिकाच्या बरणीत ठेवला,
तिथले दाणे आताशा कडेनं गुलाबी होतायत.

खोली, ओलं वजन, कोरडं वजन.
शेवटचा रकाना : शेरा.
पेन तिथं टेकवून ठेवला तर शाई पसरते,
म्हणून उचलला.

गुरुवारी परत ओहोटी आहे, साडेपाचला.
नळीला खालून तडा गेलाय, नवी मागवलीय.
जुनी मोतालेबनं मागून घेतली,
कॅम्पाच्या मागं त्याच्या सात मिरच्या आहेत,
त्यांच्या मुळापर्यंत पाणी पोचत नाही म्हणे.
धुऊन दिली. आतून.
बाहेरून अडतिसाच्या खुणेशी
एका बोटाचा वाळलेला चिखल होता,
तो तसाच गेला.