दर दोन तासांनी

कर्वे पुतळ्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचं ब्युरो.
एक टेबल, दोन फोन, एक जाड रजिस्टर
आणि मी.
एकतीस वर्षं ससूनच्या वॉर्डात उभी होते,
गुडघे तिथंच ठेवून आले.

सकाळी सहाला पर्थ, साडेसातला सॅन होजे.
"आई एकटी असते, बावधनला.
सिस्टर हवी, आया नको.
दर मात्र आयाचा सांगा."
"बाबांना इन्सुलिन, रात्रीचं डायपर,
आणि पेपर वाचून दाखवता आला तर बरं, अग्रलेखासकट."
"फार बोलणारी नको.
अगदीच गप्पही नको."
मी लिहून घेते. हसत नाही.

पूर्वी महिन्याला तीस फोन यायचे,
आता आठवड्याला येतात.
म्हाताऱ्यांची पानं वाढत जातात,
मुलींचं पान तेवढंच.
त्यातल्याही दोघी संध्याकाळी जर्मन शिकतात,
डेर, डी, दास घोकत
इंजेक्शनचा ट्रे लावतात.
तिकडंही म्हातारे आहेत म्हणे, भरपूर.

मंगळवारी दुपारी एक अनोळखी नंबर.
पलीकडं वारा, आणि कोंबडी हाकलल्याचा आवाज.
"मी कोंडिबा दारवटकर. केळदच्या अलीकडनं बोलतोय.
आमची सून तुमच्याकडं कामाला हाय. दीपाली."

आहे.
बाणेर, अकरावा मजला, चोवीस तासांची केस,
पक्षाघात, डावी बाजू.
तीन वर्षांत त्या आजोबांच्या पाठीला
एक ओरखडा नाही.

"तिला दोन दिस सोडा की.
म्हातारीला माकडहाडापाशी जखम झालीया.
उपकेंद्राला कुलूप हाय. पहिल्या शिष्टर बदलून गेल्या,
दुसऱ्या आल्याच न्हाईत.
वाडीत आता आम्ही एकोणीस माणसं.
सगळ्यात तरणा मीच, अडुसष्टचा."

"दीपालीला कळवलंत?"

"न्हाई. कळलं तर तशीच निघून येईल,
मग तुम्ही तिला काढाल.
म्हणून आधी तुम्हाला इचारतो."

मी रजिस्टर उघडलं.
उघडायची गरज नव्हती,
बदली द्यायला कुणी नाही हे मला पाठ होतं.
"बघते," म्हणाले.
दिवसातून पन्नासदा म्हणते.

मग फोन ठेववेना.
नव्या मुलींना वॉर्डात सांगायचे तसं सांगत बसले:
पाणी उकळा, मीठ घाला, गार होऊ द्या.
चोळायचं नाही, टिपायचं.
हळद भरायची नाही. नाही, थोडीसुद्धा नाही.
जुनं लुगडं असेल मऊ, त्याची घडी.
गुडघ्यांच्या मधे उशी.
आणि दर दोन तासांनी कूस बदलायची.

"रातीला पण?"
"रात्री पण."
"थांबा, लिहितो."

कोळसा भिंतीवर घासल्याचा आवाज आला.
दहा, म्हणाला. बारा. दोन.
चार. सहा.
अंक काढायला त्याला वेळ लागत होता.
दुसरा फोन वाजत होता, वाजू दिला.

"वजन काय उरलं न्हाई तिचं," तो म्हणाला,
"पर उचलताना लाजल्यागत व्हतं.
पन्नास वरसं झाली लग्नाला,
असा हात कधी लावलाच न्हाई.
तीबी डोळं मिटून घेती."

ओढून सरकवू नका, मी म्हणाले, कातडं सोलतं.
अलगद.
खालची चादर धरून.

संध्याकाळी बाणेरहून दीपालीचा मेसेज,
ग्लोव्हज संपत आलेत, मोठा बॉक्स पाठवा.
पाठवते, लिहिलं.
आणखी काहीतरी लिहिलं,
ते पुसलं.

बुधवारी पर्थच्याही आधी फोन वाजला.
"बाई, दहाचं झालं. बाराचं झालं. दोनचं झालं.
चारला डोळा लागला माझा.
सहाला बघतो तर तशीच, डाव्या कुशीवर,
मला उठवलं न्हाई तिनं.

एकच चुकलं.
चालंल का?"