तीनशे जीएसएम

राजारामपुरी, सातवी गल्ली. दुकान एवढंसं:
एक प्रिंटर, एक कटर,
भिंतीला टेकून बसलेले कागद.

परसूमामा सातपुते आले ते पायताण घेऊनच,
कालच्या पेपरात गुंडाळून.
"ह्याला चिट्टी पायजे," म्हणाले.
"पुण्याचा दुकानदार म्हणतोय,
चिट्टीबिगर माल घेणार न्हाई."

मी आधी स्टिकर काढले.
क्रोमो चकचकीत, पण तेल दिसलं की सुटतो,
आणि पायताणाला तेल तर लावतातच.
पीव्हीसी तेलाला भीत नाही.
मामांनी तो तळाला चिकटवला, उपटला,
चामड्यावर उमटलेल्या चौकोनाकडे बघितलं.
"ही खरूज झाली की."

मग कार्ड.
एकशेसत्तर: "लुळं हाय."
दोनशेवीस अंगठ्यात धरून डोळे मिटले: "ह्ये अस्तराचं."
तीनशे: "हां. ह्ये तळाचं."
मी गठ्ठ्यावरचा आकडा वाचून सांगते,
ते न वाचता.

तीनशे माझ्या प्रिंटरला झेपत नाही.
कंपनी म्हणते दोनशेवीसपर्यंत,
पुढचं तुमच्या जबाबदारीवर.
मागचं झाकण उघडून सरळ वाट केली,
सेटिंगमध्ये 'जाड कागद' निवडलं,
एकेक पान हातानं.
पहिलं अडकलं. दुसरं तिरकं गेलं.
तिसरं वळताना पावडर तडकली,
बरोब्बर 'कोल्हापूर'च्या 'ल्हा'वर.

मामा स्टुलावरून उठले.
"थांब पोरी. चामड्याला ताण असती.
पाठीचं येगळं, पोटाचं येगळं.
चुकीचं कापलं की पायताण महिन्यात पसरतंय.
तुझ्या कागदाला न्हाई व्हय ताण?"
त्यांनी पान उभं वाकवलं, मग आडवं.
एकीकडून ते नमलं,
दुसरीकडून कुरकुरलं.
"हितनं घाल."

अकरा वर्षं हे काम करतेय.
गठ्ठ्याच्या कडेला एक बाण छापलेला असतो.
कशाचा, ते मी कधी विचारलं नव्हतं.

पान फिरवलं, मजकूर फिरवला.
प्रिंटरने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला
आणि पलीकडून पान आलं,
सरळ, गरम.

दुकानदाराच्या मजकुरात शेवटी होतं 'कारागीर',
पुढं मोकळी जागा.
मी 'परशुराम सातपुते' टाकून ठेवलं होतं.
मामा पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.
"तळ माझा," म्हणाले. "कान माझे.
वेणी हौसाक्काची.
डोळ्याला आता कमी दिसतंय, तरी बोटानं मोजून घालती.
आणि गिऱ्हाईक वेणी बघूनच उचलतंय."
मग गप्प.
मग, "दोन नावं बसत्यात का?"

बसत नव्हती.
टॅग पाच सेंटीमीटर रुंद, वर दोऱ्याचं भोक, खाली किंमत.
अक्षर बारावरून नऊवर आणलं
तरी 'हौसाक्का'तला 'क्का' कडेला कापला जात होता.
शेवटी किंमत मागच्या बाजूला ढकलली.

दोनशे चाळीस टॅग, पानावर बारा.
मागून-पुढून म्हणजे चाळीस वेळा घालायचं.
मामा पान वाकवून बघत आणि देत,
दर पान, एकही न चुकवता,
जसं काही एखादं मध्येच उलटेल.
दहाव्या पानानंतर मी हसायचं सोडून दिलं.

हौसाक्कांना वाचता येतं का, विचारायचं राहिलं.
पण जाड कार्डावर पावडर किंचित उठून राहते,
बोट फिरवलं की लागते.

पैसे मोजून दिले, दहा रुपये कमी पडले, ते उद्यावर.
दारात गेलेले मामा परत वळले,
रद्दीतली ती तीन वाया गेलेली पानं मागायला.
"कानाचा साचा कापतो ह्याचा," म्हणाले,
"तळाचं हाय, टिकंल."