चौदावा दिवस

गयाबाईच्या अंगठ्याचं नख कामापुरतं वाढवलेलं.
दिवस कलला की ते ती उद्या उमलणाऱ्या कळीला लावते,
एका पिळात पाकळ्या, परागांची नळी, सगळं सोलून काढते.
उरतं एवढंसं ओलं, हिरवट टोक.
त्यावर लाल स्ट्रॉचा तुकडा, टोपीसारखा.
सकाळी दव वाळलं की गावरान कपाशीचं पिवळं फूल आणून
त्या टोकावर घासते.
"लगीन लावलं बगा, सर. पर ह्यांचं लेकरू तगत नाही."

तगत नाही. अमेरिकनकडे बावन्न गुणसूत्रं, गावरानकडे सव्वीस.
गर्भ धरतो, गोळा होतो, मग पत्त्यातल्या बदामासारखा होतो
(मी भिंगातून पाहिलाय, खोटं नाही),
आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी भोवतीचं अन्न आटतं,
बोंड देठातून सुटून सरीत पडतं.
म्हणून चौदावा दिवस.
म्हणून विशाखा रात्री अकराला, जालन्याच्या एमआयडीसीत,
स्पिरिटच्या दिव्यापुढे श्वास धरून
सुईच्या टोकानं ते बदाम उचलते,
साखर-क्षार-आगरच्या थरावर ठेवते,
डबीवर तारीख टाकते.

मी तिला न्यायला जातो.
तासिका तत्त्वावर शिकवतो मी, बी.एस्सी. दुसरं वर्ष,
आणि सात वर्षं एकाच असमतेपाशी बसून आहे.
बाहेरच्या बाकावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला
लिहितो: कितीही लहान एप्सिलॉन द्या...
ती मास्क खाली ओढून विचारते, "आलं का जवळ?"
जवळ येतंच आहे.
येणं वेगळं, पोचणं वेगळं.

मोईन रविवारी नांदेडहून येतो. त्याचं शास्त्र सैद्धान्तिक,
म्हणजे त्याला प्रयोगशाळाही लागत नाही, पगारही क्वचित.
अनंतातून अनंत वजा करतो,
उरलेला आकडा मिरवतो: दहाव्या दशांशापर्यंत जुळतो म्हणे.
"कुठल्या प्रमेयानं?" मी टपरीवरच आवाज चढवतो.
गयाबाई बशीत फुंकर घालते,
"त्याचा हिशोब लागला ना? मग तुमी कामून तापता?"
मोईन तिच्या चहाचे पैसे देतो.

ऑक्टोबरात एकशे चाळीस डब्या.
एकतीस बुरशीनं गेल्या. एका रात्री वीज गेली, जनरेटर
खोकला आणि बसला; सकाळपर्यंत आणखी बावीस.
उरलेल्यांत बहुतेक तपकिरी. विशाखा जेवली नाही.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर एकसमान अभिसरण शिकवत होतो:
असा एकच टप्पा, ज्याच्या पुढे सगळे बिंदू
एकदम मर्यादेच्या आत.
मागच्या बाकावरून दैवशाला, गयाबाईची थोरली:
"सर, सगळ्या बोंडांचा चौदावा दिवस एकच नसतोय.
बांधाकडची उशिरा येतात.
आई हात लावून सांगती."

खडू तसाच हातात राहिला.
त्या रात्री विशाखानं वहीतल्या तारखा मिटवल्या नाहीत,
शेजारी एक रकाना वाढवला फक्त: "गयाबाई काय म्हणाल्या".
मी माझ्या सात वर्षांतून
एक शब्द खोडून पाहिला: सर्व.
त्याजागी लिहिलं, ज्याचा त्याचा.
असमता सुटली नाही. पण हलली, दाराची कडी हलते तेवढी.

जानेवारीत एक रोप कुंडीत आलं. एकच.
एकोणचाळीस गुणसूत्रं. तीननं भाग जातो, तेरानं जातो,
दोननं जात नाही, म्हणून फूल आलं तरी पराग पोकळ.
आता विशाखा कोवळ्या शेंड्यावर औषधाचा ओला कापूस ठेवते:
दुप्पट झाले तर अठ्ठ्याहत्तर,
मग जोड्या लागतील. लागल्या तर.
मोईन फोनवर विचारतो, "दुप्पट करणं चालतं तुमच्यात?"

गयाबाई काल बघायला आली. चप्पल दाराशी काढली,
पदराला हात पुसले, वाकून पाहिलं बराच वेळ.
खालच्या फांदीला नवी कळी होती.
तिचा अंगठा आपोआप पुढे गेला,
मग थांबला,
कळीपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर.
"आज नको," ती स्वतःशीच म्हणाली.