त्रेचाळीस किल्ल्या

किल्ल्या एकूण त्रेचाळीस.
सिस्टर अट्रॅक्टानं त्या टेबलावर ओतल्या
बिस्किटांच्या गंजक्या डब्यातून
आणि म्हणाली, यांतल्या सतरा कुठल्या कुलपांच्या
ते आमच्यात आता कुणालाच ठाऊक नाही.

आमच्यात म्हणजे उरलेल्या चौघींत.
दोघी गॉलवेच्या शुश्रूषागृहात,
तिसरी अजून पोपची वाट पाहते, जो वारून तेहेतीस वर्षं झाली असतील,
आणि ही, नव्वदीला टेकलेली,
कोट न काढताच बसलेली.

वकील टिअर्नी यादी वाचत गेला.
वर्ग चौदा. प्रयोगशाळा एक, छत गळकं.
हॉकीचं मैदान, उतारासकट.
पितळी घंटा.
संस्थापकांची मूल्यं, परिशिष्ट ब,
यांची किंमत लावलेली नाही.

सफरचंदांच्या झाडांमागे
एकसारखे लोखंडी क्रूस, बासष्ट,
नकाशावरच्या तांबड्या रेघेच्या पलीकडे.
'तेवढं आम्ही ठेवतो आहोत,' ती म्हणाली.
'भाडेकरू शांत आहेत.'
हसावं की नाही, कुणाला ठरवता येईना.
टिअर्नीनं चष्मा पुसला.

मीही याच शाळेची.
पहिलीत माझा डावा हात
खुर्चीच्या पाठीला बांधलेला असायचा
निळ्या रिबनीनं. छान गाठ, फुलासारखी,
आईनं संध्याकाळी विचारलं तर सांगायचं,
बक्षीस मिळालं.
बांधणारी हीच.
आणि पुढे, वर्तुळाला बाहेरून
स्पर्शिका कशी काढायची
तेही हिनंच शिकवलं,
शाळा सुटल्यावर, थंडीत, स्वतःचे हातमोजे मला देऊन.
दोन्ही खरं आहे.
मी कितीदा वजाबाकी करून पाहिली,
बाकी दर वेळी वेगळी येते.

विश्वस्तांपैकी पहिली सही माझी.
पाच जण आम्ही: एक दंतवैद्य, एक बोटी दुरुस्त करणारा,
दोन पालक, आणि मी. चर्चला जाणारे, म्हटलं तर दीड.
देवाच्या नावावरची इमारत
आता आमच्या नावावर,
बॉयलरच्या थकलेल्या बिलासह.

पेन मी डाव्या हातात घेतलं.
तिनं पाहिलं.
बोटांचे सांधे सुजलेले, टेबलाच्या कडेवर
ती काहीतरी मोजत असल्यासारखी.
मग म्हणाली,
'शाई ओली आहे. पुसली जाईल.'

रागावली, की जपायला सांगत होती,
कळलं नाही. साठीत मी तिला
तेवढंही विचारू शकले नाही.
हात ओढला तशी सही पुसली गेली,
आडनावाला निळं शेपूट फुटलं.
मूळ प्रत डब्लिनला गेली तशीच.

डोनलनं आठवडाभर त्या सतरा किल्ल्या
प्रत्येक दाराला लावून पाहिल्या.
एका कपाटात खडूचे खोके निघाले, न फोडलेले.
बाकीच्या परत डब्यात.

सोमवारी घंटा त्यानंच दिली,
नेहमीसारखी दोन मिनिटं उशिरा.