जवारी

जानेवारीची सतरा. जुन्या पंचांगानं
इथे आज बारावी रात्र.
पावणेतीनशे वर्षांपूर्वी सरकारनं अकरा दिवस कापले,
ते या गावानं अजून मनावर घेतलेलं नाही.

शेप्टन मॅलेटच्या पुढे, सफरचंदांच्या बागेत
घोट्यापर्यंत चिखल, जनरेटरची घरघर,
आणि मी ब्लँकेटात तंबोरा घेऊन बसलोय
तापातल्या पोराला घेऊन बसावं तसा.

तो मिरजेचा. मीही मिरजेचा.
इसोल्टनं त्याला ब्रिस्टलच्या लिलावात उचललं,
मग मला शोधलं. थंडीत तार उतरते,
कुणीतरी हवं मांडीवर घेऊन लावणारं.

बँडचं नाव हेनबेन.
आमच्याकडे त्याला खुरासनी ओवा म्हणतात, मी म्हटलं,
हकीमचाचा किडक्या दाढेला त्याची धुरी द्यायचे.
डगी एवढा खूश झाला, की लगेच वहीत लिहून घेतलं.
डगी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो.
आज त्याच्या डोक्यावर हरणाची शिंगं,
कमरेखाली वॉटरप्रूफ पँट.

त्या शिंगांकडे मी जरा जास्तच बघत राहिलो.
सांबरशिंगातून अब्बा सतारीच्या घोड्या काढायचे,
एका चांगल्या शिंगात किती, हे नुसतं बघून सांगत.
मग कायदा आला. मग उंटाचं हाड.
डगीला वाटलं, मी नमस्कार करतोय.

त्याच्या चाकाच्या वाद्यात एक सैल घोडी असते,
तिला ते कुत्रा म्हणतात.
मनगट झटकलं की भुंकते.
वाकून पाहिलं, कान लावला:
अरे, ही तर जवारीच. अंगणात बांधलेली.

इसोल्टनं हळूच विचारलं,
सुरू करण्याआधी तुमचं काही म्हणशील?
खूप जुनं? तुमच्याकडे ते अजून जिवंत आहे ना?
मी आठवून सांगितलं,
भोपळा कापताना अब्बा बिस्मिल्ला म्हणायचे.
ती जराशी हिरमुसली.
तिला आणखी जुनं हवं होतं.

भोपळेवाल्याच्या बांधावरचा म्हसोबा मी सांगितला नाही.
त्याला नारळ फुटल्याशिवाय भोपळा सरळ वाळत नाही
असं तो भोपळेवाला म्हणे, आणि अब्बा
खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून
पैसे मोजत.

मग सगळे थोरल्या झाडापाशी.
चिंध्यांचा कोट घातलेलं एक पोर वर चढलं,
सायडरमध्ये बुडवलेला पाव फांदीला टोचला.
लोकांनी पातेली बडवली, दोन बंदुका आभाळात उडाल्या,
तेलाच्या थेंबांचा जांभळा-हिरवा उजेड
उघड्या फांद्यांवरून ओघळू लागला.
गिटार स्वतःचाच प्रतिध्वनी गिळत होती.

बागमालक क्रॉकर माझ्या शेजारी, हात खिशात.
वडील हे माइकशिवाय करायचे, म्हणाला,
झाडाला दोन शिव्या द्यायचे आणि जेवायला घरी.
आता तिकिटं. तिकिटांतून कुंपण होतं.

तेवढ्यात तंबोऱ्याचा आवाज मेला.
खर्जाच्या तारेखालचा दोरा निसटून चिखलात गेला होता.
टॉर्च नाही, बोटं बधिर, इसोल्ट माझ्याकडे बघतेय,
आणि ते पोर समोर, थरथरत,
अंगभर चिंध्या लोंबत असलेलं.
त्याच्या बाहीतून मी एक धागा ओढला.
लाल होता की निळा, त्या उजेडात कळलं नाही.
तारेखाली सरकवला. केसभर पुढे. केसभर मागे.
अंधारात जवारी डोळ्यांनी सापडत नाहीच.

उघडली.
डगीचा कुत्रा तिकडून भुंकला,
त्या दोघांच्या मधे काहीतरी गुणगुणू लागलं
जे आमच्यापैकी कुणीच वाजवत नव्हतं.
पातेली बडवणारे हात थांबले.
क्रॉकरनं खिशातून हात काढले.

नंतर व्हॅनपाशी तो भोपळ्यावर बोटानं टकटक करत म्हणाला,
यात काही जिवंत असतं का रे?
होतं, मी म्हटलं.
भीमेच्या काठी. वेलीवर.
त्यानं मान हलवली, माळ्यानं माळ्याचं ऐकावं तशी,
आणि विचारलं,
पाणी किती लागतं त्याला.