दुष्फेन

उंड्रीला राहायला आल्यापासून
तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ सहा घेते,
तरी ताटात दात दाखवते.
केस धुतले की सुतळी.
आणि साबण फेस व्हायचं सोडून
बादलीत नासलेल्या दुधासारखा फाटतो.

कसब्यात होते तेव्हा नळाला खडकवासला यायचं,
पहाटे दीडच तास, पण
एवढासा साबण, कोपरापर्यंत फेस.
तेव्हा मी आठवीला शिकवायची:
पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.
फेसाळतं ते सुफेन,
फेसाळत नाही ते दुष्फेन.
दोन मार्कांना येतं, लिहून घ्या.

इथं बोअर साडेचारशे फूट.
गिझर बंद पडला, मेकॅनिक बोलावला,
तर दारात तौफिक बागवान.
मागच्या बाकावरचा.
त्याला पोटफोडा ष कधी जमला नाही,
'दुश्पेन' लिहायचा,
मी दरवेळी एक मार्क कापायची.

त्याने टाकी खोलली, कॉइल ओढून काढली.
कॉइल दिसतच नव्हती.
वर बोटभर पांढरं, खरबरीत कवच.
पान्हा हाणला,
एक खपली माझ्या तळहातावर ठेवली.
"वाजवून बघा मॅडम. दगड आहे."

दगडच.
ढगातून निघतं तेव्हा कोरं असतं पाणी,
वाटेत हवेतला कर्बवायू घेऊन जरासं आंबट होतं,
मग काळ्या कातळाच्या भेगांतून
कोण जाणे किती वर्षं
कण कण चाटत खाली जातं,
आणि तोंडावर काही दिसू देत नाही.
तापवलं की बोलतं.
चोवीस वर्षं हे मी फळ्यावर लिहिलं,
हातात कधी घेतलं नव्हतं.

त्याच पाण्याचा चहा केला. वर तवंग.
तो फुंकर मारून प्यायला.
"धरणाचं पाणी असतं
तर मला कशाला बोलावलं असतं तुम्ही?"
साडेचारशे रुपये घेतले,
फुटाला रुपया.

तो गेल्यावर खपली ओट्यावर ठेवली,
वरून अर्धं लिंबू पिळलं.
क्षणभर काहीच नाही.
मग बारीक, पांढरा,
कडेकडेनं
दगडाला फेस आला.

एक मार्क
द्यायचा राहिलाय.