उलटं पाणी

प्लिन्लिमनच्या माथ्यावर, काळ्या दलदलीत,
एक लाकडी खुंट आहे. त्यावर कोरलंय : उगम.
तिथे ही नदी मी एका ढांगेत ओलांडली,
बुटात पाणी गेलं, एवढंच.

आयव्हर प्रॉसर म्हणतो, डोंगराला तिघी मुली.
एकीने समुद्राची जवळची वाट धरली,
दुसरी रानातून रमतगमत गेली,
आणि हिला गावं बघायची हौस,
श्रूझबरीला वेटोळं घालून, वूस्टरला घाटावर टेकून
दोनशेवीस मैलांनी पोचली.
सांगताना तो जाळं उसवत असतो.
मी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला आलेली
आणि अजून निघालेली नाही.

दुसरी गोष्ट तो उधाणाच्या रात्रीच सांगतो.
राजाची एक राणी, आणि एक भुयारात दडवलेली.
तिची पोर हाव्रेन.
राजा लढाईत पडला. राणीने मायलेकींना
याच पाण्यात लोटलं
आणि दवंडी पिटली : नदीला पोरीचं नाव द्या.
रोमन जिभांनी त्याचं सॅब्रिना केलं,
मग झिजत झिजत सेव्हर्न.
बुडवणारीनेच बारसं केलं.

"आणि आई?"
आयव्हर बॅटरी विझवतो.
"तिलाही नाव होतं.
पण साध्या ओढ्यालासुद्धा दिलं नाही कुणी."

मी दाभोळच्या खाडीवर वाढले, उधाण मला नवं नाही.
पण तिथे पाणी फुगतं, दूध वर यावं तसं.
मिन्स्टरवर्थला ते चालत येतं.
आधी आवाज, भिजलेलं गोणपाट फरपटत आणल्यासारखा,
मग काठावरचे वाळुंज एकेक करून वाकतात
आणि अख्खी नदी
उगमाकडे तोंड करून निघते.

लाटेमागून वामीची पिल्लं,
बोटाएवढी, काचेची, आतला कणा दिसेल अशी.
यांच्या आया लांबच्या समुद्रात अंडी घालून मरतात म्हणे.
आयव्हरच्या जाळ्यात मूठभर वळवळ,
बाकीची अंधारात, चढणीला.

ग्लॉस्टरच्या बंधाऱ्याशी लाट मोडेल.
दीड-दोन तासांत नदी पुन्हा
शहाण्या मुलीसारखी खाली वाहील.
थर्मासातला चहा पार निवलाय.
आयव्हर पाण्याकडे बघून वेल्शमध्ये
दोन शब्द बोलतो.
मी अर्थ विचारत नाही.
गोळी जेवणानंतर घे,
एवढंच सांगते.